गेन कोण खातं? ॲम्प्लिफायरवरचे वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी एका ट्रान्झिस्टरचा साधा कॉमन एमिटर ॲम्प्लिफायर दिला होता: १२ व्होल्ट सप्लाय, कलेक्टरला ४.७ के (के म्हणजे हजार ओहम), बेसला ४७ के आणि १० के, एमिटरला दीड के आणि त्याला बायपास कपॅसिटर, करंट साधारण १ मिलिॲम्पिअर. बऱ्याच जणांचा चालला. आणि एक चालला की माणूस गप्प बसत नाही, लगेच दुसरा जोडतो (असा एकेक ॲम्प्लिफायर म्हणजे एक स्टेज, आणि ती सिग्नल कितीपट वाढवते तो तिचा गेन), मग प्रश्न सुरू होतात. या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यातूनच आलेत.

प्रश्न: सर, तुमचं सर्किट दोनदा बनवलं आणि एकापुढे एक जोडलं. एका स्टेजचा गेन हिशोबाने १८८ येतो, म्हणजे दोन्हींचा मिळून पस्तीस हजारांच्या वर यायला पाहिजे. अर्धा मिलिव्होल्ट देऊन ऑसिलोस्कोपवर मोजलं तर साडेसात हजारांच्या आसपासच येतोय. ट्रान्झिस्टर बदलले, कपॅसिटर बदलले, शेवटी ब्रेडबोर्ड पण बदलला. बाकीचा गेन गेला कुठे?

ब्रेडबोर्डचा काही दोष नाही, तुमचं सर्किट एकदम बरोबर चाललंय, चुकलाय तो गुणाकार. १८८ आला कुठून ते आधी बघू. १ मिलिॲम्पिअरला एमिटरचा आतला रेझिस्टन्स असतो २५ ओहम (२५ मिलिव्होल्ट भागिले करंट, हे सूत्र पाठच करून टाका, सारखं लागतं), आणि ४७०० भागिले २५ म्हणजे १८८. पण हा गेन कलेक्टरला दुसरं काहीच जोडलेलं नसताना. तुम्ही तिथे दुसरी स्टेज जोडलीत ना! तिचा बेस आत बघितला तर बीटा (ट्रान्झिस्टर करंट कितीपट वाढवतो तो आकडा) गुणिले २५ ओहम, बीटा १०० धरला तर अडीच के, आणि त्याच्याच पॅरलल ४७ के आणि १० के बसलेले, सगळं मिळून साधारण १.९ के. सिग्नलच्या दृष्टीने हे १.९ के पहिल्या स्टेजच्या ४.७ के ला पॅरलल येतं आणि उरतं फक्त १.३६ के. त्याला २५ ने भागा, गेन आला ५४. म्हणजे पहिल्या स्टेजचा दोन तृतीयांशाहून जास्त गेन शेजारणीने खाल्ला.

दुसऱ्या स्टेजवर फक्त स्कोप आहे, तो काही फार खात नाही, म्हणून तिचे १८८ शाबूत. आता उरला तुमचा सिग्नल जनरेटर, त्याचा आउटपुट इम्पिडन्स ६०० ओहमचा असेल तर ६०० आणि १.९ के ची वाटणी होते आणि पहिल्या बेसवर ७६ टक्केच पोचतं. गुणा आता: ०.७६ गुणिले ५४ गुणिले १८८, सात हजार सातशे. तुम्ही मोजलेत साडेसात हजार. मला विचाराल तर हे मोजमाप फ्रेम करून लावण्यासारखं आहे, इतकं जवळ फार क्वचित येतं.

मल्टिस्टेजमध्ये गेनचा गुणाकार होतो हे खरंच आहे, फक्त प्रत्येक स्टेजचा गेन पुढची जोडलेली असताना काढायचा. म्हणून मी नेहमी शेवटच्या स्टेजपासून मागे मागे हिशोब करत येतो, पुढची किती ओढणार ते कळल्याशिवाय मागचीचं काही सांगताच येत नाही.

गेन परत हवाय तर मधे एमिटर फॉलोअर टाका. पहिल्या कलेक्टरवर ७.३ व्होल्ट आहेतच, त्यालाच फॉलोअरचा बेस सरळ जोडा, कपॅसिटरची गरज नाही, एमिटरला ४.७ के, आणि तिथून कपॅसिटरने दुसऱ्या स्टेजला. फॉलोअर स्वतः गेन देत नाही, एकाच्या थोडा खालीच असतो, पण त्याच्या बेसकडून बघितलं तर तेच १.३६ के शंभरपट दिसतं, १३६ के. मग पहिल्या स्टेजचा गेन परत १८० च्या पुढे आणि एकूण पंचवीस हजारांच्या आसपास. एक न वाढवणारा ट्रान्झिस्टर घालून गेन तिप्पट झाला, मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा कोणीतरी फसवतंय असंच वाटलं होतं.

प्रश्न: तीन स्टेजचा ऑडिओ ॲम्प्लिफायर केलाय. नवी बॅटरी घातली की मस्त चालतो, आठवड्याभराने स्पीकरमधून फट फट फट असा आवाज यायला लागतो, सिग्नल दिला नाही तरी. बॅटरी बदलली की परत ठीक. बॅटरीच खराब येतायत का?

नाही. हा आजार जुना आहे आणि त्याचं नावच मोटारबोटिंग, बोटीच्या इंजिनासारखा आवाज येतो म्हणून. शेवटची स्टेज स्पीकरसाठी करंट ओढते, बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे दर ओढीला सप्लाय थोडा खाली बसतो. हा झटका त्याच सप्लायवरून पहिल्या स्टेजच्या बायसला (बेसच्या ठरवलेल्या डीसी व्होल्टेजला) पोचतो, तिथून तीनही स्टेजमधून मोठा होऊन परत स्पीकरला, आणि वळण बरोबर जुळलं की चक्र स्वतःच स्वतःला ढकलत राहतं. म्हणजे तुमच्या ॲम्प्लिफायरला शेवटच्या खोलीतून पहिल्या खोलीत यायचं मागचं दार उघडं राहिलंय.

दार बंद करायचं तर पहिल्या दोन स्टेजचा सप्लाय वेगळा काढा, मधे २२० ओहम आणि त्याच्या पुढे १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला. दोन स्टेज मिळून २ मिलिॲम्पिअर घेतात, म्हणजे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमीच पडतं, काही बिघडत नाही. एवढ्याने साधारण ७ हर्ट्झच्या वरचे झटके अडतात. तुमची फटफट त्याहून संथ असेल तर २२० च्या जागी १ के करा. शेवटच्या स्टेजजवळ पण एक मोठा कपॅसिटर सप्लायला हवाच, तो बहुतेक तुम्ही विसरलात.

प्रश्न: एका स्टेजची बँडविड्थ १०० किलोहर्ट्झ. तशाच तीन लावल्या तर १०० च राहायला पाहिजे ना, सगळ्या सारख्याच आहेत की.

बँडविड्थ मोजतात ती गेन ३ डीबीने (म्हणजे साधारण ७१ टक्क्यांवर) उतरतो तिथपर्यंत. म्हणून १०० किलोहर्ट्झला प्रत्येक स्टेज ३ डीबीने खाली असते, तीन मिळून ९ डीबी खाली, ते कसं चालेल. तीन मिळून ३ डीबी खाली कधी, तर प्रत्येकी १ डीबीने खाली असेल तिथे, आणि ते येतं ५१ किलोहर्ट्झला. दोनच स्टेज असतील तर ६४. खालच्या बाजूला उलटं, प्रत्येकीची हद्द २० हर्ट्झ असेल तर तिघींची ३९ वर चढते. म्हणजे दोन्हीकडून आवळतं. (हे सारख्या आणि एकमेकींना न खाणाऱ्या स्टेजचं गणित, प्रत्यक्षात थोडं मागेपुढे.)

त्यातच मिलर साहेबांचं एक कर्ज असतं. कलेक्टर आणि बेसमधे ट्रान्झिस्टरच्या आतच ४ पिकोफॅरड वगैरे कपॅसिटन्स असतो, दिसायला नगण्य, पण कलेक्टर उलट दिशेने १०० पट हलतोय म्हटल्यावर बेसला तो १०१ पट वाटतो, ४०० पिकोफॅरड. मागचा रेझिस्टन्स १ के धरला तर ४०० किलोहर्ट्झच्या जवळपास गेन घसरायला लागतो, १० के धरला तर ४० लाच. जॉन मिलर यांनी हे व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) काळात, १९२० च्या सुमाराला दाखवून दिलं, ट्रान्झिस्टर यायच्या कितीतरी आधी. उपाय कॅस्कोड: खालच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला सरळ दुसऱ्याचा एमिटर जोडायचा आणि दुसऱ्याचा बेस सिग्नलसाठी ग्राउंड ठेवायचा. खालच्याला लोड म्हणून २५ ओहमच दिसतात, त्याचा कलेक्टर हलतच नाही फारसा, मग मिलर वसुलीला येणार कुठून.

प्रश्न: ४५५ किलोहर्ट्झचा ट्यून्ड ॲम्प्लिफायर करायचा होता. कलेक्टरला रेझिस्टरच्या जागी ६८० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १८० पिकोफॅरड पॅरलल लावला, पुढे कपॅसिटरने दुसरी स्टेज. वाढवतोय, पण ३०० ला पण वाढवतो आणि ६०० ला पण. ट्यून कसला, सगळंच घेतोय. कॉइल खराब आहे का?

कॉइल चांगली आहे, आकडे पण छान निवडलेत, ६८० आणि १८० चा हिशोब बरोबर ४५५ लाच येतो. परत तोच पहिला प्रश्न आहे, वेश बदलून आलाय एवढंच.

४५५ ला तुमच्या कॉइलचा रिॲक्टन्स साधारण १.९४ के. कॉइलचा स्वतःचा क्यू (निवड किती नेमकी होते ते सांगणारा आकडा) ७० धरू, तर रेझोनन्सला टँक सर्किट (कॉइल आणि कपॅसिटरची ही जोडी) सत्तरपट म्हणजे १३६ के रेझिस्टन्ससारखं वागतं. फक्त ४५५ ला एवढं उंच, बाजूला गेलं की धाडकन खाली, निवड होते ती याच्यामुळे. आणि या १३६ के च्या डोक्यावर तुम्ही दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा अडीच के बेस नेऊन ठेवलात! (बायसचे रेझिस्टर तूर्त सोडून देऊ.) अडीच के भागिले १.९४ के, क्यू राहिला सव्वा. बँडविड्थ म्हणजे फ्रिक्वेन्सी भागिले क्यू, ४५५ भागिले सव्वा, साडेतीनशे किलोहर्ट्झ. मग ३०० पण घेणार आणि ६०० पण घेणार, घेऊ नको असं त्याला सांगायला कोणी उरलंच नाही.

इथे ट्रान्सफॉर्मर कामाला येतो. कॉइलवरच दुसरं छोटं वाइंडिंग घ्या, प्रायमरीच्या एक दशांश वेढ्यांचं, आणि बेस त्याला जोडा. इम्पिडन्स वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो, म्हणून दहाच्या गुणोत्तराला अडीच के प्रायमरीकडून २५० के दिसतं. १३६ आणि २५० पॅरलल झाले ८८ के, क्यू आला ४५, आणि बँडविड्थ १० किलोहर्ट्झ. एएम रेडिओच्या आयएफला (इंटरमिजिएट फ्रिक्वेन्सी, रेडिओ प्रत्येक स्टेशन आधी ज्या एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) साधारण एवढीच लागते. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स मी यात धरला नाही, तो पण क्यू खातोच, म्हणून तयार आयएफ ट्रान्सफॉर्मरमधे कलेक्टर पूर्ण कॉइलला जोडत नाहीत, मधल्या टॅपला जोडतात. ते तीन पाय एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला का असतात त्याचं उत्तर हे.

म्हणजे क्यूचे दोन आकडे डोक्यात वेगळे ठेवा, मोकळ्या कॉइलचा आणि लोड जोडल्यावरचा, ॲम्प्लिफायरला दुसऱ्याशीच मतलब. आणि क्यू वाढेल तेवढा चांगला असंही नाही, २०० करून ठेवलात तर बँडविड्थ सव्वादोन किलोहर्ट्झ आणि गाणं उशीखालून ऐकल्यासारखं. ज्यांना माथा सपाट आणि कडा तीव्र पाहिजे ते दोन ट्यून्ड सर्किटं कपल करतात, डबल ट्यून्ड म्हणतात ते, कपलिंग जास्त झालं की मधे खड्डा पडून दोन टेकड्या होतात. जिथे फार रुंद बँड हवा तिथे एकेक स्टेज मुद्दाम थोड्या वेगळ्या फ्रिक्वेन्सीला लावतात, स्टॅगर ट्यूनिंग.

प्रश्न: तुम्ही म्हणता तसा टॅपवाला आयएफ ट्रान्सफॉर्मर लावला, स्क्रू फिरवून स्कोपवर बरोबर ४५५ ला पीक आणला. प्रोब काढला आणि रेडिओ मंद झाला. परत प्रोब लावला तर पीक जागेवरच आहे. भुताटकी वाटायला लागलीय.

या भुताने माझा एक अख्खा रविवार खाल्लाय म्हणून ओळखीचं आहे. तुमचा प्रोब १० एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून घेणाऱ्या सेटिंगवर) असला तरी त्याची टीप १२ पिकोफॅरड वगैरे असतेच. १८० चे झाले १९२, आणि तेवढ्याने ४५५ चं टँक ४४० ला सरकतं. तुमची बँडविड्थ दहा किलोहर्ट्झ आणि सरकलं पंधरा! तुम्ही स्क्रू फिरवून ते परत ४५५ वर आणलंत, प्रोबसकट. प्रोब काढला की ते वर पळालं. १ एक्सवर तर शंभरेक पिकोफॅरड असतात, त्यावर ट्यून केलंत तर विचारायलाच नको.

टँकवर प्रोब लावायचाच नाही. पुढच्या स्टेजच्या आउटपुटला लावा, नाहीतर डिटेक्टरनंतर (आवाज वेगळा काढणाऱ्या भागानंतर) मल्टिमीटरने डीसी बघत स्क्रू फिरवा. आणि फिरवायला प्लास्टिकचा किंवा लाकडी पेचकस घ्या, लोखंडाचा आत गेला की इंडक्टन्स बदलतो, बाहेर काढला की परत वेगळा, दुसरं भूत. जोर पण लावू नका, फेराइटचा गाभा तडकला की ती कॉइल फेकूनच द्यावी लागते.

याच वाचकाने पुढे विचारलंय की दोन स्टेज बरोबर ट्यून झाल्या की शिट्टी का मारतात. त्याच कलेक्टर-बेसमधल्या ३-४ पिकोफॅरडमुळे. इनपुटला टँक, आउटपुटला टँक, दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीला आणि मधे परतीची वाट, हा ऑसिलेटरच झाला की. लुई हेझेल्टाइन यांनी १९२० च्या दशकात न्यूट्रोडाइन रेडिओत यावर तोड काढली: कॉइलच्या उलट टोकाकडून तेवढाच छोटा कपॅसिटर बेसला द्यायचा (तेव्हा व्हॉल्व्हच्या ग्रिडला), जेवढं सरळ परत येतं तेवढंच उलटं येऊन कटतं. आज मी तर कॅस्कोड लावीन. किंवा गेनच थोडा कमी करा, आणि ट्रान्सफॉर्मरचे पत्र्याचे डबे ग्राउंडला जोडलेत का ते आधी बघा.

प्रश्न: स्टेजमधला कपलिंग कपॅसिटर काढून सरळ जोडलं तर डीसी पण वाढेल ना? सेन्सरचा सिग्नल फार हळू बदलतो, कपॅसिटर तो पोचूच देत नाही.

वाढेल, पण ऊन पण वाढेल. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला २ मिलिव्होल्टने उतरतं. पहिल्या स्टेजचा डीसी गेन १०० ठेवलात तर एका अंशाला आउटपुट ०.२ व्होल्ट सरकतं, पुढच्या स्टेजचा ५० असेल तर १० व्होल्ट, म्हणजे खोलीत कोणी पंखा लावला की तुमचा ॲम्प्लिफायर एका भिंतीला जाऊन चिकटला. त्याला सेन्सरचा सिग्नल कुठला आणि हवेचा कुठला हे कळायचा काही मार्गच नाही.

तो मार्ग म्हणजे डिफरन्शियल जोडी. दोन सारखे ट्रान्झिस्टर, एमिटर एकत्र बांधलेले, खाली दोघांना मिळून एकच रेझिस्टर, त्याला शेपटी म्हणू. तापले तर दोघं तापतात, दोघांचं व्होल्टेज सारखंच उतरतं, आणि आपण बघतो फक्त फरक. एका अटीवर: दोघं खरंच सारखे आणि सारख्याच तापमानाला. सुटे ट्रान्झिस्टर असतील तर निदान एकमेकांना चिकटवून बसवा.

प्रश्न: डिफरन्शियल जोडी केली, दोन्ही कलेक्टरला ४.७ के, एमिटरला एकत्र ५.६ के, अधिक-उणे १२ व्होल्ट. कॉमन सिग्नल (दोन्ही बेसना सारखाच येणारा) पूर्ण कटायला पाहिजे असं पुस्तकात आहे. माझ्याकडे १ मिलिव्होल्टच्या सिग्नलवर १०० मिलिव्होल्टचा मेन्सचा (घरच्या विजेचा) हम बसलाय, तो बऱ्यापैकी दिसतोच.

पुस्तकात शेपटी आदर्श असते, तुमची ५.६ के ची आहे. दोन्ही बेस एकदम वर गेले तर एमिटर पण वर जातात आणि शेपटीतला करंट वाढतो, तो वाढलेला करंट कलेक्टरमधूनच येणार. एका कलेक्टरवरून आउटपुट घेत असाल तर कॉमन गेन ४.७ के भागिले शेपटीच्या दुप्पट, ०.४२. फरकाचा गेन ४७०० भागिले ५०, म्हणजे ९४. आता तुमच्या सिग्नलचे झाले ९४ मिलिव्होल्ट आणि हमचे ४२. दिसणारच. दोन गेनचं गुणोत्तर २२४, म्हणजे ४७ डीबी, यालाच सीएमआरआर (कॉमन मोड रिजेक्शन रेशो) म्हणतात, वाईट नाही, पण तुमचा हम सिग्नलच्या शंभरपट आहे त्याला पुरत नाही.

शेपटीच्या जागी ट्रान्झिस्टरचा करंट सोर्स लावा, २ मिलिॲम्पिअरचा. डीसी करंट तोच, पण सिग्नलला तो मोठ्ठा रेझिस्टन्स दिसतो, १ मेगओहम धरला तर हम पाव मिलिव्होल्टच्या आत येतो आणि सिग्नल ९४ च राहतो. लांब शेपटीची जोडी, लाँग टेल्ड पेअर, हे नाव त्या मोठ्या रेझिस्टन्सवरूनच पडलंय. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३६ मधे याच्या पेटंटचा अर्ज केला होता, अर्थात व्हॉल्व्हवर.

दोन सूचना. एक, दोन बेसमधला फरक २५ मिलिव्होल्टच्या बराच आत ठेवा, शंभरच्या पुढे गेलात की सगळा करंट एकाच ट्रान्झिस्टरकडे जातो, मग तो ॲम्प्लिफायर नाही, स्विच झाला. दोन, १ मिलिव्होल्ट आणि मेन्सचा हम हे वर्णन वाचून मला शंका येतेय की तुम्ही छातीला वायरी लावून ईसीजी बघताय. तसं असेल तर मेन्सवरचा सप्लाय आणि मेन्सवरचा स्कोप दोन्ही आधी काढा, नुसती बॅटरी. हे मी गंमतीत म्हणत नाहीये.

प्रश्न: आयसीच्या जमान्यात हे सुटे ट्रान्झिस्टर शिकून काय फायदा? ७४१ हा ऑप-ॲम्प आयसी घेतला, दोन रेझिस्टर लावले, काम झालं. फक्त एक सांगा, त्याच्या दोन्ही इनपुट ग्राउंडला जोडल्या तरी आउटपुट शून्य का येत नाही, १० व्होल्टला जाऊन बसतं.

तुमच्या दुसऱ्या वाक्यातच पहिल्याचं उत्तर आहे. १९६८ मधे आलेला ७४१ उघडून बघितलात तर आत काय: पुढे डिफरन्शियल जोडी, तिच्या शेपटीला करंट सोर्स, मधे गेनची स्टेज, शेवटी ढकलणारे-ओढणारे एमिटर फॉलोअर, आणि सगळं सरळ जोडलेलं, कपलिंग कपॅसिटर एकही नाही. एक ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर मात्र आहे, मधल्या गेन स्टेजच्या इनपुट-आउटपुटमधे मुद्दाम बसवलेला. म्हणजे ज्या मिलरला आपण वर हाकलत होतो त्यालाच इथे नोकरीला ठेवलंय, छोटा कपॅसिटर कितीतरी पट मोठा दिसावा आणि फीडबॅक (आउटपुटचा काही भाग परत इनपुटला) दिल्यावर शिट्टी वाजू नये म्हणून. त्याची किंमत अशी की फीडबॅकशिवाय गेन २ लाख, पण तो साधारण ५ हर्ट्झपर्यंतच.

आता तुमचे १० व्होल्ट. आतली जोडी एकाच चिपवर आहे तरी अगदी तंतोतंत सारखी नसते, इनपुटला १ मिलिव्होल्ट वगैरे फरक राहतोच. गुणिले २ लाख, २०० व्होल्ट. सप्लाय १२ चा आहे म्हणून तो जाईल तिथपर्यंत जाऊन थांबला. १ आणि ५ नंबरच्या पायांमधे १० के चा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून मधला पाय उणे सप्लायला जोडा, पण फीडबॅक न देता शून्यावर आणायला बसाल तर संध्याकाळ जाईल, हात लावला की पळतं. आधी रेझिस्टर लावून गेन १०० करा, मग तोच १ मिलिव्होल्ट आउटपुटला ०.१ व्होल्ट दिसेल, तो पॉटने शून्य करा.